ह्यांच्या डाव्या हातावरचं घड्याळ

सोमवार, ३

घड्याळ आलं! मखमलीच्या पेटीत बसून आलं, नवरीसारखं नटून. आणणाऱ्याच्या हातात पांढरे मोजे आणि मी दार उघडलं ते साबणाच्या हातांनी. म्हणाला, "आजी, आजोबा घरी आहेत का?" म्हटलं, आहेत तर! दोन वर्षं झाली, त्या पलंगावरच आहेत. जातात कुठे!

बिचारा ओशाळला. मग मीच त्याला बसवलं, चहा पाजला.

तर झालं असं. ह्यांनी जन्मभर गावातल्या टॉवरच्या घड्याळाला चावी दिली. रोज जिने चढून वर जायचं आणि तो लोखंडी दांडा फिरवायचा. आता तिथे विजेचं यंत्र आहे. जुना दांडा कुठेतरी अडगळीत पडला होता. तो म्हणे ह्या कंपनीने उचलला, वितळवला आणि त्याची मनगटी घड्याळं केली! मोजकीच. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर. पुन्हा करणार नाहीत. मोठमोठी माणसं रांगेत उभी आहेत. पण एक नंबरचं घड्याळ आधी ह्यांना विचारायचं असं त्यांनी ठरवलंय. फुकट नाही हं, विकतच! किंमत ऐकली आणि मी खाली बसले. बसलेलीच होते, तरी पुन्हा बसले.

"पुढच्या शनिवारपर्यंत राहू दे घरी," घड्याळवाला म्हणाला. "आजोबांच्या हातात घालून बघा. मग सांगा."

डाव्या मनगटात घातलं. ह्यांची ती बाजू गेलेलीच आहे, वाचाही गेली. हात म्हणजे नुसता ठेवलेला. पण शोभलं! खरंच शोभलं.

ही वही नातीने दिली. म्हणते, आजी, तू दिवसभर बडबडतेस ना, ते लिही. शाळा माझी चौथीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचतंय कोण!

मंगळवार, ४

साहेब येऊन गेले. साहेब म्हणजे आमचा मुलगा, विमा कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसतो. आईकडे आला तरी फोन कानालाच.

"आई, वेड लागलंय का तुला? बाबा काय वेळ बघणार आहेत?"

"तू बघतोस ना दिवसभर, काय मिळवलंस?"

"विषय बदलू नकोस."

ह्यांची एक ठेव आहे. तेवढीच आहे. साहेबांना ती भरायचीय त्या संस्थेत. गावाबाहेर आहे, आजारी म्हाताऱ्यांना ठेवतात. महिनाअखेर तिथे एक खाट रिकामी होणार आहे. (आजच कसं कळलं, कोणाची रिकामी होणार, ते मी विचारलं नाही!) म्हणतो, तुझे हाल थांबतील. माझे हाल? मी कधी म्हटलं माझे हाल होतायत? ह्यांचं अंग पुसते, कूस बदलते, पातळ केलेलं भरवते, गप्पा मारते. पूर्वी हे ऐकायचे नाहीत, आता ऐकतात. संसार सुधारलाच म्हणायचा!

मग म्हणाला, "तिथे काय आणि इथे काय, बाबांना कळतं तरी का?"

ह्यांच्यासमोर बोलला. मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. लाज वाटली मला. त्याची.

आणि मग ताटं धुताना एकदम डोक्यात आलं. घड्याळ घेतलं की ठेव संपली. ठेव संपली की संस्था नाही. संस्था नाही म्हणजे हे घरीच! एवढं हसू आलं की ताटली हातातून सुटता सुटता राहिली.

पण एवढा पैसा एका घड्याळात घालायचा? लोक काय म्हणतील? ठरत नाही बाई.

गुरुवार, ६

घड्याळवाल्याचा फोन. "आजी, घड्याळ थांबलं असेल तर घाबरू नका हं. बिघडलेलं नाही."

म्हटलं, चालू आहे की.

"चालू कसं असेल? याला बाहेरून चावी द्यायची सोयच नाही. मनगट हललं की आतलं चाक फिरतं, त्यानेच चावी भरते. आजोबांचा हात हलत नाही ना? मग दोन दिवसांत थांबतं."

म्हटलं, कान देऊन ऐका, आणि फोन घड्याळाला लावला.

म्हणाला, "खाली एक छोटा काटा आहे बघा. चावी किती उरली ते सांगतो, गाडीत पेट्रोलचा असतो तसा. कुठे आहे?"

"पार वरच्या टोकाला."

त्याचा विश्वासच बसेना. मग म्हणाला, "पुन्हा बघा." पुन्हा बघितलं. वरच्या टोकालाच!

म्हणजे हात हलतो! ह्यांचा हात हलतो! साहेबांना फोन केला तर म्हणे, आई, मी मीटिंगमध्ये आहे.

शुक्रवार, ७

आज हातावरून नजर काढली नाही. मटार सोलले ते ह्यांच्या उशाशी बसून. निम्मे जमिनीवर सांडले.

हात नाही हलला. बोटसुद्धा नाही.

पण काटा सकाळी जरा खाली होता, तो जेवणं होईपर्यंत वर गेला. माझ्यासमोर गेला. हात उशीवर तसाच. आत मात्र काहीतरी फिरत होतं. कान लावला तर बारीक घरघर, मांजर मांडीवर बसल्यावर करतं तशी.

शहारा आला. आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. असं कधी होतं का कोणाला?

शनिवार, ८

साहेब म्हणाले, घड्याळच तसलं असेल, उशीला बांधून बघ. बांधलं. लोडाला घड्याळ! नातीने फोटो मागितला.

सोमवार, १०

उशीवर पार बंद पडलं. आज सकाळी परत ह्यांच्या हातात चढवलं, दूध उतरवून आले तर टिकटिक सुरू.

घ्या! आता काय म्हणणं आहे साहेबांचं?

मंगळवार, ११

आज हातून कप पडला. डावा हात मुंग्या आल्यासारखा झालाय, जड. वय झालं, दुसरं काय! दुपारी बसल्या बसल्या डोळा लागला तो दिवे लागेपर्यंत. मी! जी मेल्यावरच झोपणार असं हे म्हणायचे!

सकाळी ह्यांना अंघोळ घालायला येते ती बाई म्हणाली, "आजी, आजोबांचा डावा हात आज गरम लागला."

"बघ! मी सांगत नव्हते?"

ती म्हणाली, "आणि तुमचा का एवढा गार?"

म्हटलं, आत्ता पाण्यातून काढलाय. नव्हता काढला. पण तिला कशाला घोर.

टॉवरवरून आठवलं. एकदा हे तापाने फणफणले होते. बदलीचा माणूस मागितला असता तर पगार कापला असता आणि वर बोलणी. मग मी गेले! डोक्याला फडकं बांधून, ह्यांची टोपी घालून. दांडा असा जड की पहिल्या दिवशी रडले. ह्यांची एक पद्धत होती, उजव्या हाताने दांडा फिरवायचा आणि डावा तळहात यंत्राच्या अंगावर सपाट ठेवायचा. म्हणायचे, जोर पोचतोय का ते हाताला कळतं. मीही तसाच ठेवला. खरंच कळत होतं! आपल्यातून काहीतरी जातंय आणि तिकडे ते फिरतंय. खाली सगळ्या गावाला वेळ कळत होती आणि वर मी होते हे कोणालाच माहीत नव्हतं. ताप उतरल्यावर हे म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी दिलीस की चावी." जन्मात तेवढंच कौतुक केलं. पण पुरलं.

गुरुवार, १३

धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, काल तिच्याकडे राहायला गेले. सकाळच्या बाईला इथे ठेवलं होतं. बहिणीकडे पोचले आणि काय सांगू, हात हलका! मुंग्या नाहीत, काही नाही. तिच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, तर भाजीची पिशवी घेऊन जिना चढून गेले. बहीण एका डोळ्याने बघून म्हणाली, "काय गं, काय खातेस? पोरीसारखी दिसतेस." म्हटलं, तुझा एकच डोळा उघडा आहे, दुसरा उघडला की खरं दिसेल.

आज घरी आले. बाई दारातच. "आजी, आजोबांनी कालपासून डोळेच उघडले नाहीत. घोटही नीट जात नाही."

घड्याळ बघितलं. काटा तळाला टेकलेला.

चप्पल न काढताच बसले त्यांच्याजवळ. हात हातात घेतला. म्हटलं, अहो, आले मी. बहिणीचं सगळं सांगितलं, लिफ्टचं, पिशवीचं. सांगता सांगता ती घरघर सुरू झाली. काटा हळूहळू वर सरकायला लागला. ह्यांनी डोळे उघडले.

मी असले की ह्यांना जोर येतो! आहे कुठल्या औषधात एवढं?

माझा हात पुन्हा जड झालाय. खांद्यापर्यंत.

शुक्रवार, १४

आज ह्यांनी माझं बोट धरलं. डाव्या हाताने! धरलं म्हणजे मिटलं, बाळ धरतं तसं. सकाळची बाई तिथेच होती. तिच्या हातातला टॉवेल पडला.

मी हसतेय, रडतेय. आणि ती काय म्हणाली! "आजी, काढा ते घड्याळ. मला नाही बरं वाटत. आरशात बघा एकदा."

बघितलं. डावा गाल जरा उतरलाय. ओठाचा कोपरा ओघळलाय. हसले तर अर्धीच हसते.

ती म्हणाली, "परत करा, आजी. तुमच्या पाया पडते."

मला कळतं हो. शाळा चौथीत सुटली म्हणून काही मी भोळी नाही. परवा बहिणीकडे हात हलका होता, इथे काटा तळाला होता. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण घड्याळ परत केलं तर हे पुन्हा ठेवलेल्या हातासारखे होणार. ठेव जाणार संस्थेत. महिनाअखेर गाडी येणार, आणि मी दारात उभी राहणार, दोन्ही हात चांगले धडधाकट घेऊन. काय करू त्या हातांचं?

घ्यायचं! ठरलं.

आणि इतकं हलकं वाटतंय. हात सोडून बाकी सगळं.

शनिवार, १५

घड्याळवाला आला. सहीपुरता माझा उजवा हात ठणठणीत आहे. साहेब आले होते. खिडकीशी उभे. शेवटी म्हणाले, "आई, तुला काही झालं तर बाबांचं कोण करणार?"

म्हटलं, बाबा करतील.

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. हसलाच नाही. लहानपणीही असाच होता, गुदगुल्या केल्या तरी का केल्या ते विचारायचा. जाताना माझ्याकडे नीट बघितलं त्याने, पहिल्यांदाच, आणि म्हणाला, "उद्या तुला डॉक्टरकडे नेतो. काही ऐकणार नाही." गुणी आहे तसा.

घड्याळवाल्याने वाकून ह्यांचं अभिनंदन केलं. सवयीने हात पुढे केला, मग चुकलं असं वाटून मागे घेणार, तोवर ह्यांनी तो धरला. धरून ठेवला. सोडवून घ्यायला त्याला दुसरा हात लावावा लागला. पांढरा मोजा ह्यांच्याच मुठीत राहिला, तो न मागताच गेला.

रविवार, १६

उजेड झालाय. पलंगावर ह्यांच्या जागी मी आहे. इथे कशी आले ते आठवत नाही. घड्याळ माझ्या मनगटावर आहे, पट्टा नीट बसवलेला, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेलं. डावी बाजू नाहीच. हाक मारायला गेले तर आवाज निघाला नाही. वही आणि पेन्सिल कोणीतरी उजव्या हाताशी आणून ठेवलीय.

स्वयंपाकघरात कोणीतरी चालतंय. दोन कप काढल्याचा आवाज आला. हे उठले!