आत्याच्या साबणाचं मशीनवर काय झालं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आमच्या कारखान्याच्या फरशीवर परवा सगळ्यांनीच साष्टांग घातला, पण तुला घालतो आहे तो मनापासून.) तुझी तब्येत बरी असेल. काकांचा गुडघा जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात विचारायचं राहिलं, तेवढं कळव. मी ठीक आहे. कोपराला लागलं आहे ते मशीनमुळे नाही, फरशीमुळे.

तू घरी केलेली साबणाची विटेएवढी वडी मिळाली. फार उत्तम साबण आहे. फेस भरपूर होतो. किती भरपूर होतो, तेच सांगायला बसलो आहे.

मी नक्की काय काम करतो असं तू विचारलं होतंस. आमच्याकडे फाइव्ह-ॲक्सिस मशीन आहे. साधं मशीन टूलला (म्हणजे कापायच्या हत्याराला) मागे-पुढे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली नेतं. हे शिवाय टेबल कलतं करतं आणि गोल फिरवतं, त्यामुळे पंपातलं वळणदार पात्यांचं चाक एका दमात कापता येतं. टूलने कुठून कसं जायचं ते मी कॉम्प्युटरवर, कॅम सॉफ्टवेअरमध्ये ठरवतो. पण कॉम्प्युटरचं बोलणं मशीनला कळत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला पोस्ट-प्रोसेसर म्हणतात (मध्ये रेघ द्यावी की नाही यावर आमच्याकडच्या दोन पुस्तकांचं पटत नाही, मी दिली आहे). आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून आपलं बोलणं काका त्यांच्या कानात ओरडतात ना, तसं. तू म्हणतेस, "बाबांना विचारा, चहा हवा का," आणि काका ओरडतात, "चहा झाला तुमचा!" आमचा दुभाषी काकांच्याच वळणाचा आहे.

तो जुन्या प्रोग्रामरने लिहून ठेवला. माणूस नोकरी सोडून गेला, त्याची भीती मात्र इथेच राहिली. एकदा कूलंट (म्हणजे कापताना टूलवर मारतात ते तेलकट पाणी) सुरू करायला विसरून त्याने टूल जाळलं होतं. तेव्हापासून त्याने पोस्टमध्ये, म्हणजे त्या दुभाष्यात, घालून ठेवलं की टूल बदललं की कूलंट सुरू, मग कोणी काहीही सांगो. हे मला कोणी सांगितलं नाही.

मालकांनी मला कानशीच्या बाकावरून उचलून मशीनवर घेतलं आणि पहिलंच काम हे चाक दिलं. "नीट निघालं तर मशीन तुझं," म्हणाले, "नाहीतर तू आणि तुझी कानस." धातूचा ठोकळा एकच आलेला. म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे आधी मेणात कापून बघायचं होतं, तर मेण संपलेलं. मग मी तुझी वडी नेली. साबणावर पाणी नको एवढी अक्कल मला आहे. कॅममध्ये कूलंट बंद केलं, बंद आहे हे पाहिलं, जेवून आल्यावर पुन्हा पाहिलं. स्क्रीनवर चाक इतकं देखणं कापलं गेलं की मालकांनी गिऱ्हाइकाच्या इंजिनियरला हाताला धरून आणलं. पण स्क्रीनवर दिसतं ते मी सांगितलेलं. दुभाष्याने मशीनला काय सांगितलं ते तिथे दिसत नाही. (हे पुस्तकात आहे. ते पान मी नंतर वाचलं.)

पहिलं टूल आधीच लावलेलं होतं, त्यामुळे सुरुवात कोरडी आणि दृष्ट लागण्यासारखी झाली. मग टूल बदललं आणि मशीनच्या दाराची काच पांढरी झाली. तरीही निभावलं असतं, पण टेबल एका मर्यादेपर्यंतच फिरतं आणि ती आली की दुभाषी त्याला अख्खा फेरा उलटा फिरवतो, घराला कुलूप लावलं की नाही हे आठवून माणूस बसस्टॉपवरून माघारी पळतो तसा. टेबल पळालं. आलं. पुन्हा पळालं. तुझा साबण, आमचं कूलंट आणि असं घुसळणं! दाराच्या फटीतून फेस बाहेर आला आणि इंजिनियरच्या बुटांपर्यंत शांतपणे चालत गेला.

"तुमचं मशीन नेहमी असं करतं?" त्याने विचारलं.

"छे, पाहुणे आले की," मालक म्हणाले.

मी लाल बटणाकडे धावलो. बटण दाबलं, पण पडता पडता, कोपराने. मला उठवायला मालक आले, ते शेजारी बसले. मालकांना उठवायला इंजिनियर आला, त्याचं सांगत नाही, पाहुणा आहे.

मग टाकी उपसली, मशीन धुतलं, धुतलेलं पुन्हा धुतलं, कारण जितकं धुवावं तितका फेस. आता सगळे मला धोबी म्हणतात. पोस्टमधली ती कूलंटची ओळ मी काढली, आणि मर्यादा आली की आधी टूल वर उचल, मग सावकाश फीर, असंही लिहिलं. पण दुभाष्याने ऐकलं की नाही हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापायला फक्त तो एकुलता एक ठोकळा समोर आहे. मालक येता-जाता "मग?" म्हणतात. मी "तपासतोय" म्हणतो.

तर ही ख्यालीखुशाली. साबणाची तसदी घेऊ नकोस, मागायला म्हणून हे लिहिलेलं नाही.

तुझा, सध्या घरात सगळ्यांत स्वच्छ असलेला,
भाचा

ता. क. पाठवणारच असशील तर वडीच्या कडा काटकोनात येतील असं बघ. आत फुलांच्या पाकळ्या घालू नकोस, त्या टूलला गुंडाळतात.

ता. क. मालकांनी खांद्यावरून वाचलं. "दोन मागव," म्हणाले. अर्धवट कापलेलं चाक इंजिनियर घरी घेऊन गेला होता. तेलकट त्वचेला चालेल का, असं त्याच्या बायकोने विचारलं आहे.

ता. क. खरं सांगतो आत्या, पाठवच. ट्रायल जमली तर मशीन माझं, आणि पुढच्या प्रत्येक चाकाला वडी लागेल. नाही जमली, तर कानशीवर हात फार काळे होतात.