विशाखा सांगत होती

खारघर

चि. अभय, सप्रेम जयभीम.

आपल्या छोट्या विशाखाशी घरात इंग्रजीच बोलायचं, असं तू ठरवलंस. इंटरव्ह्यूत तुझ्या इंग्रजीला हसले होते, म्हणून मी अडवलं नाही.

सूनबाई पहाटेच ड्यूटीला जाते. गेला आठवडाभर स्कूलव्हॅन आली की पोर माझा पदर धरून रडायची, इंग्रजीत काहीतरी सांगायची. मला वाटलं, शाळेचा कंटाळा. मीच उचलून आत बसवायचे.

काल सूनबाईला पोरीच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. व्हॅनवाला चिमटे काढायचा.

सूनबाई म्हणाली, "आई, ती म्हणते, आजीला रोज सांगितलं."

व्हॅन बंद केलीय. तू दुबईत बसून काय करणार, म्हणून हे पत्र पाठवत नाही. पण पोर आता मला काही सांगतच नाही रे.

तुझी आई