मुकी पट्टी

बाबूजी, आज सकाळी मी एका पोरीला रडवलं. सहावीत आहे, माझ्याकडे पेटी शिकायला येते. तिच्या नव्याकोऱ्या पेटीच्या एका पट्टीखाली मी पोस्टकार्डाची घडी सारली, पट्टी दबेनाशी केली आणि म्हटलं, आज हा सूर नाही, आता वाजव. ती हिरमुसून म्हणाली, "पण आजी, सूर तर आहे ना!" माझ्या तोंडून तुमचंच उत्तर निघालं. पोरगी गेल्यावर कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी हिशेब नव्हे, एक बोलणं राहिलं आहे.

आपली पेटी बैलबंडीतून नाल्यात पडली तेव्हा मी पाच वर्षांची असेन. स्वराज्य नुकतंच मिळालं होतं. तुम्ही पेटी उन्हात वाळवली, भाता नव्या चामड्याने शिवला, पण मधल्या सप्तकातला मध्यम गेला तो गेलाच. दाबला की नुसती हवा. गोंदियाचा दुरुस्तीवाला म्हणाला, या पेटीचा पितळी सूर आता मिळणार नाही. तुम्ही त्याला रामराम केला आणि त्याच पेटीवर दंडारीच्या नाचाची गाणी बसवू लागलात, एक सूर वगळून. गावाने गणपतीची आरतीसुद्धा तशीच उचलली. चिचगडच्या बाजारात लोक चिडवायचे, "तुमच्या गावचा देव वेगळा हाय का बा?" मी एकदा शहाणपणा केला, सा बाजूला सरकवून घ्या ना, मग मध्यम मिळेल. तुम्ही हसलात. "सरकवतो. मंग मुकी पट्टी रे वर येते, नाई त प वर येते. ते काही घर सोडून जाते का वो?"

दहा वर्षांची असताना तिरोड्याला आत्याबाईकडे धडकी, न बिघडलेली पेटी पाहिली. सगळ्या पट्ट्या बोलत होत्या! घरी आले ती तोंड फुगवूनच. तुम्ही चुलीपाशी आंबील पीत बसला आहात, माय सूप मांडीवर घेऊन बिड्या वळते आहे, आणि मी दारातूनच ओरडते, "फुटक्या पेटीवर मी नाही शिकत!" तुम्ही वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता थापड बसते.

"जे नाई तेच घेऊन बसली काऊन? जे हाय ते संपलं का तुहं?"

"नाही."

"मंग ते संपव पयले."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मायच्या सुपातून बिडीचं तेंदूपान उचललं, घडी घातली आणि आणखी एका पट्टीखाली सारली. "आज ध बी नाई. वाजव." मी रडले, पाय आपटले, मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी ग वरून खाली उतरून, रे ला शिवून, एकदम प वर उडी मारली, तेव्हा मायचे हात थांबले. "हे कोणतं गाणं होय वो?" मी म्हटलं, अगं माय, आरतीच! तुम्ही फक्त पान काढून दुसऱ्या पट्टीखाली घातलं. सहा-सात वर्षं हेच चाललं. पुढे पुढे मीच आदल्या दिवशी पान निवडून ठेवायची.

मग आत्याबाईने माझं लग्न ठरवलं. धान कापून झालं की उरकायचं. "पोरीच्या हाती पेटी कायले देली? दंडारीत नाचवाची हाय का?" तुम्ही तिला तोंडावर सांगितलंत की गोंदियाच्या मुलींच्या शाळेत गाण्याची मास्तरीण पाहिजे आहे, पोरगी लागली तर लग्न थांबेल, नाही लागली तर तुझ्या मनासारखं. आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "नाई लागली, मंग मले बोलाचं नाई." मी ठरवलं, बोलायची वेळच येऊ द्यायची नाही.

गोंदियाला तुम्ही फाटकाबाहेर उभे राहिलात, चपला हातात धरून. नोकरी लागल्याचं मी धावत येऊन सांगितलं. तुम्ही डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारलात, "पेटी कशी होती?"

"फुटकीच होती, बाबूजी. आपल्यासारखी."

"अरे वा! मंग त आपलंच राज!" मांडीवर थाप मारलीत तुम्ही. पुढे दर मंडईच्या जत्रेला, पाहुण्यांनी घर भरलं की ही गोष्ट. शाळेची पेटी फुटकी निघाली, बाकीच्या पोरी घाबरल्या, माझी वाघीण तेवढी बसली. शेवटी शेवटी तर तुमच्या तोंडी त्या पेटीच्या चार पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. मी भात वाढत ऐकायची.

आता खरं ऐका. माझ्याआधी दोघी वाजवून गेल्या, नेटकं, पुस्तकातल्यासारखं. मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. मी बसले आणि वाजवायला दिलेल्या प्रार्थनेआधी हळूच मध्यम दाबून पाहिला. बोलला. साधा सूर होता हो, बाकीच्यांसारखाच. या एवढ्याशासाठी तुम्ही जन्मभर वळसे घातलेत! तो घेतला असता तर मी त्या दोघींसारखीच तिसरी झाले असते. म्हटलं, नाही. माझं जे आहे तेच वाजवीन.

संपल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, "मध्यम विसरलात का?"

"नाही, बाई. त्याची गरज लागली नाही."

"हीच ओळ आणखी कशी वाजवाल?"

पाच तऱ्हांनी वाजवून दाखवली. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

हे तुम्हाला सांगवलं नाही. चांगली पेटी समोर असून पोरीने तो सूर टाळला, हे ऐकून तुम्हाला वाटलं असतं, माझ्यापायी हिचं राहून गेलं. काही राहिलं नाही. आता हा कागद कुठे धाडू? उद्या ती पोरगी येईल, पोस्टकार्ड तिने रागाने फाडलं आहे, तेव्हा याचीच घडी करून पट्टीखाली सारीन. शाळेची ती पेटी चांगली होती, बाबूजी. सगळ्या पट्ट्या बोलत होत्या. मध्यम मीच वाजवला नाही.