चौथ्या सरूची काडी

मी, खाली सही करणारा, वय बावीस, काम बागेत माळ्याचे, शिक्षण दुसऱ्या वर्षात सोडलेले, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या मांडीत सळई घालणार आहेत. "जिवाचे बरेवाईट झाल्यास" असे छापलेल्या कागदावर सिस्टरने माझी सही घेतली. म्हटलं, त्यांचा कागद झाला, आता आपलाही होऊ दे. दादा म्हणाला, "पाय मोडलाय रे, डोकं नाही!" सबब दादाला फक्त सायकल मिळेल. तिचे ब्रेक लागत नाहीत, हे त्याला आधी सांगू नये.

१. वनस्पतिशास्त्राची पुस्तके कॉलेजच्या सरांना द्यावीत. "तुला झाडातलं काय कळतं?" असे ते भर वर्गात म्हणाले, आणि मी वही आपटून निघालो तो परत गेलोच नाही. सर, तुमच्यावरचा राग सोडला. सरूच्या जुन्या, तपकिरी लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही, हे त्याच पुस्तकात पुढे होते. मी ते झाडावर शिकलो.

२. छाटणीची कात्री मामाला परत. मामा बागेचा मुख्य माळी. फाटकाजवळच्या सात सरूंच्या रांगेमागे, जिच्यावर माझा जीव आहे तिची खिडकी आहे, आणि चौथा सरू नेमका त्या खिडकीच्या आड यायचा. आठ महिन्यांपूर्वी, तिने तीन दिवस माझ्याशी बोलणे टाकले तेव्हा, मी त्या सरूला कमरेपासून छातीपर्यंत खिंडार पाडले. मामा एवढेच म्हणाला, "गुलाब असता तर माफ केलं असतं, गाढवा."

३. ते सातही सरू तिच्या वडिलांनी लावलेले. तेही याच बागेत माळी होते. आता अंथरुणावरून उठवत नाही. ती फाटकाशी येऊन म्हणाली, "मी दिसावी म्हणून बाबांचं झाड कापलंस? रोज सकाळी ते सात मोजायचे. आता तीनवर थांबतात."
काका, तुम्हाला द्यावे असे माझ्याकडे काही नाही. म्हणून हे पुढचे.

४. शेजारच्या फांद्या ओढून खिंडारावर बांधत आणल्या आहेत. उजवी बाजू झाली. डावी बांधताना ओल्या मातीत शिडी सरकली आणि मी इथे आलो. उरलेले काम मामाने करावे. तार वापरू नये, ती सालीत रुतते. माझे सगळे शर्ट फाडून पट्ट्या कराव्यात. निळासुद्धा.

५. कापलेल्या फांद्यांच्या अकरा काड्या मी वाळूत खोचल्या होत्या. दहा सुकल्या, एकीने मूळ धरले. ती मामाच्या खोपटात पत्र्याच्या डब्यात आहे. ती तिला द्यावी. काकांना दिसेल तिथे लावावी. माझी आठवण काढलीच पाहिजे अशी अट नाही. (अट होती. खोडली.)

साक्षीदार म्हणून शेजारच्या खाटेवरचे कोर्टातले निवृत्त कारकून तयार झाले. दुसरा मिळेना. तेवढ्यात ती आली. माझ्याकडे न बघता तिने कागद वाचला आणि पेन मागितले. कारकूनकाका म्हणाले, "पोरी, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीस तर काडी गेली."

"मग आणा इकडे. मेलेल्याकडून काडी कोणाला हवीये? बरा झाला की स्वतः आणून देईल. बाबांसमोर."

पाचवे कलम यामुळे बाद झाले, ते मला मान्य आहे.

ठिकाण: हाडांचा वॉर्ड, खाट अकरा.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिला: सही, खाट बारा

साक्षीदार दुसरी: सही
तू पडलास त्या दिवसापासून काडीला मीच पाणी घालतेय. चालायला लागलास की तुझं तू बघ.