बटण आपोआप वर येईपर्यंत

१ नोव्हेंबर १९९८, रविवार

— आणि तरीही मी म्हणते, लंडनवाल्या कॅसेटमधला क्लॅरिनेट जास्त चांगला! मामा काहीही म्हणू दे.

शेणव्याला मामाच्या घरी आज यावरून तासभर भांडलो. पहिल्या भागात एक जागा आहे — सगळा ऑर्केस्ट्रा गप्प होत जातो आणि एकटा क्लॅरिनेट उरतो. तो हळू, अजून हळू, शेवटी वाजतोय की नाही तेच कळत नाही. आणि मग एकदम सगळे धाडकन! मी दर वेळी दचकते. कुंडलिकमामाच्या टेपवर रशियन ऑर्केस्ट्रा आहे. मी कॉलेजातल्या हर्षितकडून लंडनवाल्यांची कॅसेट नेलेली. दोन्ही लावल्या. मामा डोळे मिटून, बोटं मांडीवर — वाजवत असल्यासारखी. मग म्हणाला, "लंडनवाल्याचा दम मोठा हाय. पण रशियावाल्याला दम संपायची भीती वाटते. ती भीती पायजे."

त्याला कळतं. पंधरा वर्षं लग्नाच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवलाय. दुसऱ्या भागात पाच-पाच मात्रांचा नाच आहे, त्यावर त्याचं ठरलेलं वाक्य — वरातीत हे वाजवलं तर घोडा बसेल आणि नवरा पडेल.

तीन वर्षांपूर्वी सावळीमामी काविळीने गेली. तेव्हापासून क्लॅरिनेटची पेटी माळ्यावर. फक्त रविवारी ही टेप. चायकॉव्स्कीची सहावी सिंफनी. तानसा धरणाच्या बंगल्यावर येणाऱ्या एका साहेबाने कधीतरी दिलेली. मी आठवीत होते तेव्हा मामाने पहिल्यांदा ऐकवली. शिकले कल्याणच्या इंग्लिश मिडियममधे, पण हे मला शेणव्यात मिळालं!

मामाची टेप तिसऱ्या भागातल्या मार्चवर संपते. ढोल, झांजा, दणदण. पुढे नुसती खरखर. पण बंद करू देत नाही. बटण आपोआप वर आलं पाहिजे म्हणे, नाहीतर टेप बिघडते. मला आत पाठवतो — "जा बाय, ताटं घे." मग बऱ्याच वेळाने टक् होतं आणि मामा "आलो गो" म्हणत आत येतो. मी हाक मारलेलीच नसते!

४ नोव्हेंबर

चौथा भाग आहे!!!

लंडनवालीच्या कव्हरमधला कागद आज नीट वाचला. मार्चवर संपतच नाही ती. मार्चनंतर एक अख्खा भाग आहे, सावकाश, दुःखाचा. आणि लिहिलंय की ही सिंफनी पहिल्यांदा वाजवली त्यानंतर नवव्या दिवशी चायकॉव्स्की वारला.

ऐकला. काय लिहू? व्हायोलिन वरून खाली येतात, जिना उतरल्यासारखी. मधे एकदाच एक मोठी थाळी वाजते, अगदी हलकी. मग फक्त जाड आवाजाची तंतुवाद्यं, आणि मग काही नाही.

सहा वर्षं आम्ही अर्धवट ऐकतोय! मामाला माहीतच नाही! साहेबाच्या टेपवर नसणार.

७ नोव्हेंबर

हर्षितच्या काकांकडे बर्लिनची पण निघाली. चौथा भाग दोन्हींचा घड्याळ लावून ऐकला. लंडन — नऊ मिनिटं चाळीस सेकंद. बर्लिन — बारा मिनिटं पन्नास! तेच लिहिलेले सूर, त्याच खुणा, आणि तीन मिनिटं दहा सेकंदांचा फरक. लंडनवाले रडू आवरत चालतात. बर्लिनवाले मधेच बसतात. मला बर्लिनची जास्त आवडली. आई विचारत होती कोण मेलंय.

एक आयडिया आलीय. अजून लिहीत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

मामाच्या टेपवरची खरखर मोजली, आतून, ताटं घेता घेता. मार्च संपल्यापासून टक् होईपर्यंत तेरा मिनिटं. चौथा भाग बसतो! बर्लिनचासुद्धा बसतो, जेमतेम!

हर्षितकडे डबल डेक आहे, एका कॅसेटवरचं दुसरीवर भरता येतं. मामाची टेप पूर्ण करून द्यायची. न सांगता.

१५ नोव्हेंबर, रविवार

टेप मिळाली. हेड साफ करून घेते, फिल्टर बघते, असलं काहीतरी बोलले. मामा द्यायलाच तयार नव्हता. कव्हरमधे घातली, परत काढली, शर्टाने पुसली. शेवटी म्हणाला, येत्या रविवारी आण, चुकवू नको. मी म्हटलं, मामा, टेपच आहे, बाळ नाही!

एसटीत मांडीवर धरून आणली. मुरबाड येईपर्यंत हसू येत होतं.

१८ नोव्हेंबर

झालं! एकदम क्लीन!

कॅसेटच्या मागची एक प्लॅस्टिकची पट्टी तोडलेली होती. ती तोडली की त्या बाजूवर रेकॉर्ड होत नाही. हर्षितने भोकावर सेलोटेप लावली. मार्चचा शेवट शोधताना दोन-तीन सेकंद पुढे गेलो तर भांड्यांसारखा आवाज. हर्षित म्हणाला, अगं यात काहीतरी आहे. मी म्हटलं, कचरा आहे, दाब.

बर्लिन की लंडन यावर खूप विचार केला. शेवटी लंडन. मामाचे रशियावाले भरभर वाजवतात, त्यांना लंडनच जुळतं. बर्लिनचा घातला असता तर ठिगळ दिसलं असतं. हर्षितला पण पटलं. खरंच एकाच ऑर्केस्ट्राचं वाटतं!

रविवार कधी येणार?

२२ नोव्हेंबर, रविवार

मामाने मार्च संपल्यावर नेहमीसारखं सांगितलं, जा बाय. मी म्हटलं, आज नाही जाणार, बस, ऐक!

व्हायोलिन सुरू झाली.

मामा टेपकडे बघत राहिला. मला वाटलं आवडलं. मग पुढे सरकला, कान अगदी स्पीकरला लावला. त्यातून दुसरं काहीतरी शोधत असल्यासारखा.

"याच्यात होतं ते?" मामा म्हणाला.

मी म्हटलं, काय होतं? काहीच नव्हतं मामा, नुसती खरखर. थोडा भांड्यांचा आवाज.

"भांड्यांचा," तो म्हणाला. "हां."

आणि त्याने स्वतःच्या हाताने टेप बंद केली. मधेच. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मी विचारत राहिले, काय झालं, काय झालं. तो म्हणाला, चांगला हाय तुझा चौथा भाग. मग म्हणाला, एसटी चुकेल तुझी. एसटीला अजून दोन तास होते. जेवलो नाही आम्ही.

२३ नोव्हेंबर

आईने सांगितलं. तिला माहीत होतं, मलाच सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी लहान म्हणून नाही सांगितलं म्हणे.

चौथा भाग टेपवर होता. पहिल्यापासून होता. एका दुपारी मामा मागे वाडीत गेला होता, टेप चालूच. सेल उगाच संपू नयेत म्हणून मामीला ती बंद करायची होती. तिला बटणावरचं वाचता येत नव्हतं. तिचा बाप आटगावला रेल्वे फाटकावर गेटमन. लहानपणापासून तिला एकच ठाऊक — लाल म्हणजे थांब. तिने लाल बटण दाबलं. ते रेकॉर्डचं. टेप फिरत राहिली, आणि टू-इन-वनच्या माइकने तिचा स्वयंपाक भरून घेतला. भाकरी थापणं, बांगड्या, भांडी, स्वतःशी काहीतरी बोलणं.

"तेव्हा केवढा भांडला होता तिच्याशी," आई म्हणाली. "माझं गाणं खाल्लंस म्हणाला. आणि ती मेली तेव्हा मला म्हणतो, सरस्वती, तेवढंच राहिलंय गो तिचं."

लग्नाच्या फोटोत मामीने मान खाली घातलीय. दुसरा फोटो नाही.

पट्टी मामाने तोडलेली. कुणी चुकून पुसू नये म्हणून.

२४ नोव्हेंबर

मी कचरा म्हटलं.

२६ नोव्हेंबर

हर्षितला विचारलं, खाली काही राहतं का? खालचा आवाज थोडा तरी? म्हणाला, डेक आधी पुसतो आणि मग भरतो, खाली काही राहत नाही. मी परत विचारलं. त्याने परत तेच सांगितलं, जरा हळू आवाजात. मग म्हणाला, सेलोटेप मी लावली. मी म्हटलं, दाब कोण म्हणालं?

मला सारखी तीच दोन-तीन सेकंदं आठवतात. स्टीलचं भांडं होतं की पितळेचं? टेकवलं होतं की घासत होती? लंडनच्या क्लॅरिनेटवर तासभर भांडणारी मी. एवढे कान लावून ऐकते म्हणून सगळ्यांना सांगत फिरते!

२९ नोव्हेंबर, रविवार

शेणव्याला गेले नाही. पोटात दुखतं सांगितलं.

६ डिसेंबर, रविवार

गेले. मामा अंगणात पेंढा रचत होता. पाया पडायला वाकले तर म्हणाला, हे काय नवीन? मग मी जी रडले ती रडलेच. तो पेंढा रचत राहिला. रडून झालं तेव्हा पाणी आणून दिलं.

म्हणाला, चूक तिनं पण केली आणि तू पण केलीस, दोघी माझं चांगलं करायलाच गेलात. रागावला असता तर बरं झालं असतं.

निघताना टेप माझ्या पिशवीत टाकली. मी नको नको म्हणत होते.

"ने. मला आता ती लावायचं काय कारण नाय," तो म्हणाला.

जेवताना "आलो गो" म्हणाला नाही. येऊन बसला नुसता.

१३ डिसेंबर, रविवार

टेप कपाटात, स्वेटरच्या खाली. लावायची हिंमत नाही. लंडन, बर्लिन दोन्ही हर्षितला परत केल्या. कुठली चांगली विचारत होता. मला आता सांगता येत नाही.

२७ डिसेंबर

आई शेणव्याहून आली. मामाने पेटी माळ्यावरून काढलीय! क्लॅरिनेटच्या भोकांवरचे पॅड कुजलेले, ते नवीन बसवून घेतलेत. म्हसा गावच्या जत्रेला बँडबरोबर जाणार आहे. आई हे सांगताना हसत पण होती, डोळे पण पुसत होती.

३ जानेवारी १९९९, रविवार

म्हसा. धूळ, बैल, घोंगड्या, पाळणे. गर्दीतून आधी क्लॅरिनेट ऐकला, मग मामा दिसला. लाल कोट पोटावर लागत नव्हता. गाल फुगवून वाजवत होता. मधे दम लागला, थांबला, शेजारच्या ट्रंपेटवाल्याने काहीतरी टोमणा मारला आणि मामा हसला. हसला! त्याचे दात मी विसरले होते.

नंतर भेळ खाताना मी विचारलंच. अजून राग आहे का?

त्याने भेळ चिवडली. मग म्हणाला, "खरं सांगू? तीन वर्सं मी दर रविवारी तिच्याबरोबर जेवायचो. दुसरीकडं जायाचाच नाय. कुणी लग्नाला बोलावलं, रविवार हाय म्हणून नाय गेलो. तू पुसलंस तेव्हा वाटलं आता काय. पण मग दुसरा रविवार आला. तिसरा आला." भेळेचा कागद चुरगाळला. "आता काय राहिलंच नाय, तर उठावं लागलं ना."

खरं बोलत होता की माझ्यासाठी? पण चेहरा बरा दिसत होता. माघात सात लग्नं घेतलीत म्हणाला. त्यातली चार रविवारची.

५ जानेवारी

आज टेप लावली. दुसरी बाजू, पहिल्यापासून. पाच मात्रांचा नाच, मार्च, मग माझा चौथा भाग. थाळी वाजली. शेवटची तंतुवाद्यं विझली. खरखर सुरू झाली. बंद करायला हात नेला आणि मामाची शिस्त आठवली. राहू दिलं.

नऊ मिनिटं चाळीस. आणि टेपवर जागा तेरा मिनिटांची.

भांडं टेकवल्याचा आवाज आला. बांगड्या. भाकरी थापल्याची थप्, थप्. ती नाक ओढते मधेच. तीन मिनिटं आहे ती! बर्लिनचा घातला असता तर हेही गेलं असतं. आणि अगदी शेवटी, लांब कुणालातरी, मोठ्याने —

"झाला तुमचा रशियावाला! या आता, भाकर थंड होते."

टक्. बटण वर.

म्हणजे "आलो गो" मला नव्हतंच कधी.

मामाने टेप मधेच बंद केली होती, त्याला हे उरलंय ते माहीतच नाही. आणि आत्ता कुठे तो बाहेर पडलाय. रविवारी टेप घेऊन शेणव्याला जाऊ, की स्वेटरखाली परत ठेवून देऊ? सांग ना वही, तुला काय वाटतं?