आपट्याचं एक पानही नाही

खंडेनवमी, १९७८. संध्याकाळ.

अजून डोकं तापलेलंच आहे. कासारवाडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी नगरपालिकेने आपट्याची रोपं लावली, त्यांची राखण माझ्याकडे. उन्हाळाभर टँकरने पाणी घातलं. गुरांनी खाऊ नये म्हणून तळ कापलेली डांबराची पिंपं भोवती बसवली. आत्ता कुठे रोपांनी पिंपाबाहेर डोकं काढलंय. आणि आज साहेब म्हणतात, "उद्या दसरा. सोनं वाटायला चार फांद्या आणा. आपलीच तर झाडं!"

आपली म्हणून ओरबाडायची? कंपन्यांच्या धुरावर झाडं हाच उतारा, असं भाषण रोपं लावताना कोणी ठोकलं होतं? मी तोंडावर सांगितलं, "साहेब, एक पान तोडू देणार नाही. तुम्हालाही नाही." लालबुंद झाले. होऊ देत. बदली करतील? करू देत.

पण उद्या सगळी वस्ती सोनं लुटायला येईल, त्याचं काय? पिंपाबाहेर आलेलं ते एवढंसं डोकं, क्षणात बोडकं होईल. सुट्टी गेली खड्ड्यात. पहाटेपासून तिथेच खुर्ची टाकून बसणार.

हिला सांगितलं. वाटलं, सणासुदीला हे काय, म्हणून भांडेल. तर म्हणाली, "एका खुर्चीने काय होतंय? रस्त्याला बाजू दोन आहेत. पलीकडे मी बसते."