बंद केलेला गोठा

आई, बर्फाबद्दल तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. फोनवर तू विचारायचीस, "थंडी कशी आहे गं तिकडे अमेरिकेत?" आणि मी "आहे आपली" म्हणून विषय बदलायचे. तू गेल्यावर आम्ही हर्नडनचं घर विकलं, दीड तासावर ही शेती घेतली, लसूण लावला, शेळ्या पाळल्या. यातलं तुला काहीच माहीत नाही. माहीत असतं तर म्हणाली असतीस, एवढं शिकून शेवटी शेळ्याच ना.

बर्फ वाईटच असतो असं नाही. वाफ्यांवर हातभर साचला की खाली लसूण उबेत राहतो. बर्फाशिवाय नुसती कोरडी थंडी पडली तर करपतो. हे शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवलं. गेल्या हिवाळ्यात मी बर्फाची वाट बघून थकले होते. त्यामुळे परवा भुरभुर सुरू झाली, शाळेला सुट्टी मिळाली, लेक अंगणात नाचायला लागली, तेव्हा मीही खूश होते. मग वारा सुटला, रस्ते बंद झाले. नवरा ऑफिसला गेलेला, तो हर्नडनलाच अडकला. इथे आम्ही दोघी आणि चौदा शेळ्या, त्यातल्या नऊ गाभण.

तेव्हा तुझा गोठा आठवला. मी दहा वर्षांची आहे, डिसेंबरातली सकाळ आहे, तू दाराचं गोणपाट उचलतेस आणि आत दोन करडं ताठ होऊन पडलेली दिसतात. खिडकीचं गोणपाट एका बाजूने सुटलंय. आदल्या संध्याकाळी ते मी बांधलं होतं. तू हात उगारला नाहीस. "एक काम सांगितलं होतं तुला," एवढंच म्हणालीस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. ते वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून परवा मी एकही फट ठेवली नाही. छपराखालची मोकळी जागा ताडपत्रीने बंद केली, दाराच्या भेगांत जुन्या चादरी कोंबल्या. आत छान ऊब आली. वाटलं, तू असतीस तर पाठीवरून हात फिरवला असतास.

काल दुपारी लेक पाण्याची बादली घेऊन आत गेली आणि दार सताड उघडं ठेवून उभी राहिली. "मॉम, माय आइज आर बर्निंग. खूप घाण वास येतोय." मी तिच्यावर खेकसले. "दार लाव आधी. थंडीने मरतील त्या."

आज सकाळी गोठ्यात गेले तर पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. शेळ्यांच्या पाठी ओल्या, नाकं वाहत होती, सगळ्या खोकत होत्या. दोन मेल्या होत्या. त्यातली एक तांबडी, लेकीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. डॉक्टरला येता येईना. फोनवर त्याने पहिलंच विचारलं, गोठा बंद केलाय का? मग शांतपणे समजावलं. कोरडी शेळी थंडी सहज काढते. पण मुताची वाफ आणि ओल आत कोंडली की फुप्फुसं खराब होतात. सगळं उघडा, कोरडा पेंढा टाका. मी सुरीने ताडपत्र्या फाडल्या. घरात औषधाची एकच बाटली होती, ती संपली. आणखी चार शेळ्या माना टाकून बसल्या आहेत आणि बर्फ अजून पडतोच आहे. आई, सगळा कळप जाईल असं वाटतंय, आणि मला काहीही करता येत नाहीये.

म्हणजे तुझी करडंही कदाचित त्या सुटलेल्या गोणपाटामुळे मेली नसतील. कशाने मेली ते तुला कळलं नाही, मलाही आता कळायचं नाही. पण इतकी वर्षं मी स्वतःला दोष देत आले, आणि आज मला तुझा राग आलाय. तू असतीस तर भांडले असते तुझ्याशी. वाईट एवढंच की तुझीही काही चूक नव्हती; तुला जे ठाऊक होतं ते तू केलंस.

तांबडीला पोत्यावर घालून मी बाहेर ओढत होते, तेव्हा लेक मागे येऊन उभी राहिली. "मॉम, मी काल डोअर ओपन ठेवलं म्हणून मेली ना ती?"

डॉक्टरशी बोलून तास झाला होता. खरं उत्तर मला माहीत होतं. मी म्हणाले, "खूप थंडी होती गं."

ती वर तिच्या खोलीत जाऊन बसली आहे. मी खाली स्वयंपाकघरात तुला लिहिते आहे, कारण वर जाण्यापेक्षा तुला लिहिणं सोपं आहे.